फुटांनी मोजलेला पूल

आवडत्या पुलाचं नाव सांगायचं तर मैत्रिणींनो, माझा आमच्या सांगलीचा आयर्विन पूल! संस्थानच्या काळात, १९२९ साली कृष्णेवर बांधलेला. नाव व्हाइसरॉयचं, पण आता त्याला सांगलीकरच समजायचं. दगडी कमानी सुरेख आहेतच, पण आम्हाला तो आठवतो फुटांमध्ये. तिथे पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ म्हणजे धोका.

चातुर्मासात सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली की घरात एकच प्रश्न, "किती झालं?" कुठे, ते सांगावं लागत नाही. सासूबाईंचा हिशेब माझ्या बी.कॉम.पेक्षा पक्का. ३५ ला शास्त्राची पेटी वर, ४० ला धान्याचे डबे माळ्यावर.

ऑगस्ट २०१९ मध्ये आकडा ५७ च्या पुढे गेला. त्या आकड्याला आमच्याकडे हिशेबच नव्हता. शेजाऱ्यांच्या गच्चीवर दोन रात्री काढल्या. चहूकडे पाणी आणि गाळलेलं म्हणाल तर एक कळशी. धान्य गेलं, पेटी वाचली.

पाणी उतरल्यावर घरातला चिखल तसाच ठेवून ह्यांना म्हटलं, "आधी पूल बघून येऊ." गेलो, तर निम्मी सांगली आमच्याआधीच तिथे उभी!