‘इन्फ्रक्टुअस’

केंद्र सरकारच्या सेवेत दीर्घकाळ राहिलेल्या माणसाला काही इंग्रजी शब्द इतके अंगवळणी पडतात, की त्यांचा अर्थ पुन्हा पाहावा असे वाटतच नाही. ‘इन्फ्रक्टुअस’ हे त्यांपैकी एक विशेषण. रोजच्या इंग्रजीत ते सहसा आढळत नाही. आपल्याकडे मात्र न्यायालयांचे आदेश, लेखापरीक्षा अहवाल आणि कार्यालयीन टिपण्या यांत ते वारंवार भेटते.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘फ्रुक्टस’ म्हणजे उपभोग, उत्पन्न, फळ. इंग्रजी ‘फ्रूट’ त्याच कुळातला. दुसऱ्याच्या मालमत्तेचे उत्पन्न उपभोगण्याचा हक्क सांगणारा ‘यूझुफ्रक्ट’ही तिथलाच. मागे नकारार्थी ‘इन’ लागला की अर्थ होतो निष्फळ. इमारत बांधली, पण ती वापरातच आली नाही, तर लेखापरीक्षक त्या खर्चाला हे विशेषण लावतात. न्यायालयात अर्थ किंचित सरकतो. परीक्षेला बसू द्यावे अशी याचिका परीक्षा आटोपल्यावर सुनावणीस आली, तर मागितलेला दिलासा देण्यात अर्थ उरत नाही. याचिका ‘इन्फ्रक्टुअस’ ठरते.

काही वर्षांपूर्वी दिल्लीत माझ्यापुढे एक फाइल आली. ईशान्य भारतात नेमणूक असलेल्या एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने आईच्या आजारपणामुळे ओडिशातील आपल्या गावाजवळ बदली मागितली होती. फाइल सात महिने फिरली. त्यातले एकोणीस दिवस ती माझ्याच टेबलावर होती. अखेरची टिपणी अशी होती: अर्जदाराच्या आईचे निधन झाल्यामुळे विनंती इन्फ्रक्टुअस झाली आहे, प्रकरण बंद करावे. मी सही केली.

रात्री ते वाक्य मनातून जाईना. व्याकरण निर्दोष, वस्तुस्थितीही खरी. पण ‘झाली आहे’ या क्रियापदाला कर्ताच नव्हता. जणू विनंती आपोआप वठली. वास्तविक ती निष्फळ नव्हती. फळ धरण्याच्या दिवसांत आम्ही तिला पाणी दिले नव्हते. विलंबालाही किंमत असते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कुणी शिकवावे लागत नाही. ती किंमत कोण मोजतो, हे मात्र टिपणीत कुठेच दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी फाइल परत मागवून मी लिहिले: ‘निर्णयास आपल्याकडून सात महिने लागले. या काळात अर्जदाराच्या आईचे निधन झाले. त्यांना अद्याप बदली हवी आहे का, हे विचारावे.’ उत्तर दोन ओळींचे आले. आता बदलीची गरज नाही, विचारल्याबद्दल आभारी आहे.

वाचकहो, हा शब्द मी आजही लिहितो, पण खर्चापुढे. माणसाच्या अर्जापुढे तो लिहिण्याची वेळ आली, की आधी फाइलवरच्या तारखा मोजतो.