१७५ मोठा की ७?

आमच्याकडे ह्यांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. हे जाऊन सहा वर्षं झाली. गाडी ठेवावी की विकावी, यावर घरात दोन तट आहेत. मुलगा म्हणतो, "आई, दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करायची, आणि सिग्नलला ही आचके देणार!" आचके देत होती हे खरं. म्हटलं, आधी प्लग बघू, मग विकायचं बोलू.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. पण मंडळी, स्पार्क प्लग हा विषयही भाषेचाच निघाला! ह्यांच्या वहीत मायकोचा नंबर १७५ लिहिलेला. नाना पेठेतल्या दुकानदाराने काढून दिला ७. नातू लगेच म्हणाला, "आजी, तुला फसवलं." तसं नव्हतं. मायको म्हणजेच आताची बॉश, २००८ साली नाव बदललं. त्यांच्या जुन्या पद्धतीतला १७५ म्हणजे नव्यातला साधारण ७. गंमत अशी की, जुन्या पद्धतीत आकडा मोठा तितका प्लग 'थंड', नव्यात आकडा मोठा तितका 'गरम'. एनजीकेचं पुन्हा उलट! म्हणून आकड्याला आकडा लावू नये, दुकानदाराकडे तक्ता मागावा. आट्यांची लांबीही जुन्या प्लगशी ताडून घ्यावी. लांब प्लग आत पिस्टनवर आपटू शकतो.

थंड-गरम म्हणजे ठिणगी कमी-जास्त नव्हे. प्लगच्या टोकाची उष्णता इंजिनच्या हेडकडे किती लवकर जाते, त्यावरून हे ठरतं. टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं की काजळी आपोआप जळते. फार तापलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं.

प्लग काढून त्याचा रंग वाचावा. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. पांढराफटक असेल तर प्लग जास्त तापतोय, किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुन्या कार्बोरेटरमध्ये असं होऊ शकतं. आमचे चारही निघाले काजळीने काळे. मेकॅनिक म्हणाला, "काकू, एक नंबर गरम टाकू." मी नको म्हटलं. गाडी मी चालवते ती घर ते मंडई. इंजिन तापायच्या आत घर येतं. दोष चालवण्याच्या सवयीचा, शिक्षा प्लगला कशाला? आणि तोच गरम प्लग उद्या मे महिन्यात कात्रजचा घाट चढताना महागात पडायचा.

तेव्हा नंबर ७ च ठेवला. गॅप फीलर गेजने मोजून घेतली, कार्बोरेटर जुळवून घेतला. आता दर रविवारी खेड शिवापूरपर्यंत जाऊन येते. आचके थांबलेत.

विकायचा विषय संपलेला नाही. पुनर्नोंदणीची तारीख जवळ आलीय आणि मुलाचंही काही अगदीच चुकीचं नाही. पण गाडी गेलीच, तर नीट चालणारी म्हणून जाईल, रडणारी म्हणून नाही.

असो. तुमच्याकडे कुणाची जुनी फियाट असेल, तर प्लगचा रंग जरूर कळवा!