तंद्रीतली जवारी

परवा तानपुऱ्याची जवारी काढताना भाच्याला विचारलं, "जोड उघडली का रे?" तो हळूच म्हणाला, "मामा, मघाशीच उघडली होती." म्हणजे मी घोडीवर कानस जास्त फिरवली होती. जोडाच्या तारांचा वरचा झणकार आता माझ्या कानांपर्यंत पोहोचत नाही. घासलेलं हाड काही परत चढवता येत नाही. ती घोडी गेली.

भोपळा, तबली, दांडी ही कामं हात करतो. जवारीचं तसं नाही. तार घोडीच्या पाठीला चाटत गेली पाहिजे. उतार केसभर चुकला तर आवाज कोंडतो, नाहीतर फाटतो. तारेखालचा दोऱ्याचा जीव सरकवून थोडं सावरतं, पण मुळातला उतार चुकला असेल तर जीव तरी काय करणार?

तो उतार मला डोळे रोखून कधीच सापडला नाही. सापडला तो कानस खाली ठेवून, तार छेडत, भिंतीकडे बघत बसल्यावर. मिरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीची मैफल, गवयाने अजून सूर लावलेला नाही आणि मागे माझा तानपुरा घुमतोय, असं चित्र मनात असायचं. तिथे तो जसा बोलायचा, तसा मांडीवरचा बोलेपर्यंत मी घासत राहायचो. माझं माप ते होतं. हल्ली काहीजण सगळ्या घोड्या एकाच साच्यात उतरवतात. दुकानात त्या खणखणतात, तारेने चर पाडला की बसतात. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा सूर बिनचूक असेल, पण त्याच्यासमोर कुणाची तंद्री लागलेली मी पाहिली नाही.

मी असा भिंतीकडे बघत उतार शोधतो, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. ज्या शिकलगारांच्या घरी शिकलो, त्यांचे पूर्वज तलवारींना धार लावायचे, १८५०च्या सुमारास वाद्यांकडे वळले. त्यांचाच हात माझ्यात उतरलाय असं लोक म्हणायचे, ते मला फार आवडायचं. म्हणून दारात पाऊल वाजलं की मी झटकन कानस उचलायचो. आणि भाचा शून्यात बघताना दिसला की खेकसायचो, "काम कर!" किती वर्षं खेकसलो.

कान गेले, तरी त्या मैफलीतला तानपुरा मला अजून स्वच्छ ऐकू येतो. तो मांडीवरच्याशी जुळला की नाही, तेवढं आता भाच्याला विचारावं लागतं.

काल गिऱ्हाईक आलं तेव्हा तो तार छेडत छताकडे बघत होता. हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि गिऱ्हाइकालाच बाकावर बसायची खूण केली. तो कुठली मैफल ऐकत होता, ते मी विचारलेलं नाही.