कुलूप खरे की शिळे?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन 'परम रुद्र' महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्याच दिवशी हवामानशास्त्रासाठीच्या 'अर्क' आणि 'अरुणिका' या प्रणालीही कार्यान्वित झाल्या. वर्तमानपत्रांनी आकडे छापले: तीन रुद्रांसाठी सुमारे १३० कोटी, हवामानाच्या प्रणालींसाठी ८५० कोटी. पुण्याचा 'रुद्र' जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून क्षणभर चमकून विझणारे रेडिओ स्फोट शोधणार, हेही वाचले आणि मनापासून आनंद झाला. मात्र संशोधन संस्थेच्या संगणककक्षात आयुष्याची बरीच वर्षे घालवलेल्या माझ्यासारखीच्या मनात अशी बातमी वाचताना एक अरसिक प्रश्न उभा राहतो. या यंत्रांच्या आजूबाजूला जी साठवण असेल, तिच्यावरची कुलुपे खरोखर लागतात काय?

प्रश्न चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडे उलगडून सांगते. मोठ्या गणनयंत्राच्या भोवती लहान यंत्रांचा एक संसार असतो. प्रवेशद्वार सांभाळणारे एक, निरीक्षणांची सूची ठेवणारे दुसरे, परवाने तपासणारे तिसरे. ही यंत्रे हल्ली बहुधा खरी नसतात. ती व्हर्च्युअल मशीन असतात. एका सशक्त संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभी केलेली ही आभासी यंत्रे. अशा यंत्राची संपूर्ण हार्ड डिस्क म्हणजे वास्तवात एक भलीमोठी फाइल, तिला आम्ही डिस्क-इमेज म्हणतो. ही फाइल एनएफएससारख्या जाळ्यावरच्या साठवणीत ठेवली, की एक यजमान संगणक बंद पडला तरी तेच आभासी यंत्र दुसऱ्या यजमानावर चालू करता येते. सोय मोठी आहे. धोकाही तिथेच आहे: तीच इमेज एकाच वेळी दोन यजमानांनी उघडली तर?

एकाच खतावणीवर दोन मुनीम बसले आहेत, अशी कल्पना करावी. प्रत्येकाने सकाळी वही चाळून कोणते पान कोरे आहे हे मनात टिपले आहे, आणि दुसरा मुनीम अस्तित्वात आहे याची दोघांनाही वार्ता नाही. पहिला कोऱ्या पानावर जमा लिहितो; दुसरा आपल्या स्मरणावर विसंबून त्याच पानावर नावे लिहितो. आभासी यंत्रातील फाइल-व्यवस्था नेमकी अशीच वागते. डिस्क आपली एकट्याची आहे या गृहीतकावर तिची सारी रचना उभी असते, आणि कोणता खंड मोकळा आहे याचा हिशोब ती स्मृतीत बाळगून असते. दोन यजमान मिनिटभर जरी एकत्र लिहू लागले, तरी जे उरते ते दुरुस्त करण्यापलीकडचे असू शकते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे आपल्या पूर्वजांनी वेगळ्या संदर्भात सांगितले. इथे ते अक्षरशः खरे आहे.

यावर उपाय म्हणजे फाइलला कुलूप. पण युनिक्स परंपरेतील हे कुलूप दाराला लावलेल्या कुलपासारखे नाही. ते दारावर टांगलेल्या पाटीसारखे आहे. जो पाटी वाचेल तो थांबेल, न वाचणारा सरळ आत शिरेल. शिवाय जुन्या पॉझिक्स नियमात एक विचित्र तरतूद आहे. एखाद्या प्रक्रियेने तीच फाइल दोनदा उघडली आणि त्यातील एक वाट बंद केली, तर तिची त्या फाइलवरील सगळीच कुलुपे गळून पडतात. इमेजची जात ओळखण्यासाठी ती पुन्हा उघडून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी हा नियम म्हणजे पायाखालची सरकती वाळू. २०१४ साली लिनक्सच्या ३.१५ या आवृत्तीत उघडलेल्या वाटेशी बांधलेले नवे कुलूप आले, तेव्हा ही अडचण दूर झाली. त्याच पायावर २०१७ मध्ये क्यूईएमयूच्या २.१० या आवृत्तीने इमेजला आपोआप कुलूप लावण्यास आरंभ केला. त्याची पद्धत मला फार आवडते. फाइलच्या शंभराव्या आणि दोनशेव्या बाइटपासून पुढे ते छोटी छोटी कुलुपे लावते. पहिला गट सांगतो 'मी काय करीत आहे', दुसरा सांगतो 'इतरांनी काय केलेले मला चालणार नाही'. लेखन न करता केवळ वाचू इच्छिणाऱ्यालाही मग नेमके उत्तर मिळते.

जाळ्यावर मात्र या पाटीची सत्यता साठवण-सर्व्हरवर अवलंबून राहते. एनएफएसची तिसरी आवृत्ती मुळात विस्मरणशील, म्हणजे कोणी काय उघडले आहे याची नोंद न ठेवणारी. त्यामुळे कुलुपांसाठी शेजारी एक वेगळी व्यवस्था जोडावी लागली. कुलूप घेतलेला यजमान अचानक गेला, तर तो पुन्हा उठून 'मी परत सुरू झालो' असे कळवीपर्यंत त्याचे कुलूप तसेच राहते. तो कधीच उठला नाही, तर कुलूप शिळे होऊन पडते. चौथ्या आवृत्तीने कुलूप मूळ रचनेतच घेतले आणि त्याला मुदतीचा पट्टा दिला. लिनक्स सर्व्हरवर ही मुदत सहसा ९० सेकंदांची असते. यजमानाने तेवढ्या वेळात पट्ट्याचे नूतनीकरण केले नाही, तर सर्व्हर ते कुलूप दुसऱ्याला देऊ शकतो. ही कल्पना १९८९ साली ग्रे आणि चेरिटन यांनी मांडली होती. व्हीएमवेअरने तर तिसऱ्या आवृत्तीवर सर्व्हरच्या व्यवस्थेवर न विसंबता इमेजशेजारी स्वतःच्या कुलूप-फाइली ठेवण्याचा मार्ग पत्करला. त्यामुळेच एकच साठवण एका यजमानावर तिसऱ्या आणि दुसऱ्यावर ४.१ आवृत्तीने जोडू नये, अशी सक्त सूचना आहे. दोघांच्या पाट्या वेगवेगळ्या लिपींत असतात.

आमच्या संस्थेतील एक रात्र सांगते. एका यजमान संगणकाचा व्यवस्थापनाच्या जाळ्याशी संपर्क तुटला. निरीक्षणांची सूची ठेवणारे आभासी यंत्र त्याच्यावर होते. माझ्या तरुण सहकाऱ्याने ते दुसऱ्या यजमानावर चालू करायला घेतले, तेव्हा उत्तर आले की लिहिण्याचे कुलूप मिळाले नाही, दुसरी कोणती प्रक्रिया ही इमेज वापरत आहे काय? तो म्हणाला, "मॅडम, पहिलं मशीन मेलंय, लॉक शिळं आहे. लॉकिंग ऑफ करून चालू करतो, दोन मिनिटांत होईल." सकाळी एका विद्यार्थिनीला त्या सूचीवरून आपल्या प्रबंधाची शेवटची आकडेमोड करायची होती, त्यामुळे त्याची घाई प्रामाणिक होती. मी त्याला हात आखडायला सांगितले आणि कक्षाबाहेरच्या सुरक्षारक्षकांना फोन केला. "काका, आत जाऊन तिसऱ्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या मशीनचे दिवे बघता का?" ते परतून म्हणाले, "दिवे तर चालूच आहेत, मॅडम. हिरवा लुकलुकतोय." यंत्र जिवंत होते. व्यवस्थापनाची तार तुटली होती, साठवणीची शाबूत होती, आणि आभासी यंत्र निमूटपणे लिहीत होते.

दुरून पाहणाऱ्याला मृत्यू आणि मौन यांतला फरक कळत नाही, ही या विषयाची खरी मेख आहे. ती केवळ आमच्या अनुभवाची गोष्ट नव्हे. निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याला मर्यादा नसेल आणि एखादा सहभागी थांबण्याची शक्यता असेल, तर सर्वांचे एकमत नक्की होईलच अशी कोणतीही निश्चित कार्यपद्धती रचता येत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ साली सिद्ध केले. म्हणून व्यवहारात दोनच वाटा उरतात. एक, मुदत संपेपर्यंत थांबणे आणि मुदत संपलेल्यानेही स्वतःहून लेखन थांबवणे. हरवलेले कुलूप आपलेच आहे असे मानून लिनक्स पूर्वी पुढे जात असे, आता ते मूळ स्थितीत त्रुटी देऊन थांबते. दुसरी वाट अधिक कठोर. संशयित यजमानाची वीज दुरूनच तोडावी, ती तुटल्याची खात्री करावी, मगच त्याचे यंत्र दुसरीकडे उठवावे. आमच्या व्यवसायात याला कुंपण घालणे म्हणतात. नाव सौम्य आहे, कृती नाही.

कुलूप अडचणीचे ठरले की ते बंद करण्याचे सल्ले मात्र उदंड मिळतात. एनएफएस जोडताना 'नोलॉक' हा शब्द लिहिला की तक्रार थांबते, कारण मग प्रत्येक यजमान स्वतःपुरते कुलूप लावतो आणि स्वतःलाच होकार देतो. उघड नकारापेक्षा हा खोटा होकार मला अधिक घातक वाटतो. वैज्ञानिकांच्या ओळखीच्या एचडीएफ५ या फाइल-प्रकाराचेही तसेच. त्याच्या १.१० या आवृत्तीपासून कुलूप आले, काही समांतर साठवणींवर ते लागेना, आणि ते बंद करणारी एक ओळ विद्यार्थ्यांच्या स्क्रिप्टमधून पुढच्या विद्यार्थ्यांकडे वारशाने जाऊ लागली. केवळ वाचनासाठी ती निरुपद्रवी आहे. पण जिथे दोन कामे एकाच फाइलीत लिहितात, तिथे ती ओळ कोणी आणि का लिहिली होती, हे विचारायला तोवर कोणी संस्थेत उरलेले नसते.

नवी साठवण आली की आम्ही आता एक साधी चाचणी घेतो. एक टाकाऊ इमेज तयार करायची, ती पहिल्या यजमानावर चालू करायची, आणि मग मुद्दाम दुसऱ्यावरही. दुसऱ्याने नकार दिला, तर पहिल्याची तार उपटून पुन्हा तेच. पट्ट्याची मुदत संपल्यावर दुसऱ्याला कुलूप मिळते की नाही आणि तार जोडल्यावर पहिला गप्प राहतो की नाही, हे घड्याळ लावून पाहायचे. एवढ्याला अर्धा दिवस जातो. खरेदीच्या कागदपत्रांत या अर्ध्या दिवसासाठी रकाना नसतो, तेव्हा तो आम्हीच पेन्सिलने आखून घेतो.