कळविण्यात येते की

मराठी व्याकरणात ‘प्रयोजक क्रियापद’ नावाचा एक प्रकार आहे. ‘मूल हसते’ यातले क्रियापद साधे. ‘आई मुलाला हसवते’ यातले प्रयोजक. हसण्याची क्रिया मुलाचीच, पण ती घडवून आणणारा कर्ता वेगळा. १९८० च्या दशकात दूरदर्शनच्या मालिकांबरोबर घरोघर पोचलेला ‘प्रायोजक’ हा शब्द याच कुळातला आहे. त्याआधी आपल्याकडे ‘आश्रयदाते’ होते, ‘देणगीदार’ होते, आणि महाविद्यालयीन चर्चासत्रांच्या पत्रिकांवर ‘विद्यापीठ अनुदान आयोग पुरस्कृत’ अशी ओळ असे. ‘पुरस्कृत’ म्हणजे मुळात पुढे केलेले. देणगीदार देऊन मोकळा होतो, पुरस्कर्ता आपल्याला पुढे करतो, आणि प्रायोजक आपल्याकडून काहीतरी करवून घेतो. या तीन शब्दांमधला फरक मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. तो हिशेबाच्या वहीत उतरलेला पाहण्याचा प्रसंग मात्र गेल्या वर्षी आला.

आमच्या महाविद्यालयाचा मराठी विभाग आणि गावातले सार्वजनिक वाचनालय मिळून दर हिवाळ्यात दोन दिवसांचा साहित्योत्सव भरवतात. पूर्वी त्यासाठी पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरावे लागे. सराफ, कापडवाले, पतसंस्था, औषधांची दुकाने असा क्रम ठरलेला. चहा होई, पावसापाण्याच्या गोष्टी होत आणि पाचशे एक रुपयांची पावती फाटे. अलीकडे वारे फिरले. एकदोन लोकप्रिय कवी येऊन गेले, त्यांच्या काव्यवाचनाच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या, आणि देणारेच आमच्याकडे येऊ लागले. गेल्या वर्षी प्रायोजकत्वासाठी चौतीस अर्ज आले. जागा बारा. म्हणजे बावीस जणांना ‘नाही’ म्हणणे आले. साहित्याच्या प्राध्यापकांना पैसे मागण्याचा सराव असतो. येणारे पैसे नाकारण्याचा नसतो.

छाननीसाठी तिघांची समिती नेमली गेली: वाचनालयाचे अध्यक्ष, वाणिज्य विभागातील एक सहकारी मॅडम आणि मी. याआधी निर्णय कसे कळवले जात, तर कळवलेच जात नसत. अर्जदार फोन करी, ‘सर, आमचं काय झालं?’ उत्तर मिळे, ‘बघतो.’ ‘बघणे’ हे मराठीतले सर्वांत सभ्य नकारार्थी क्रियापद आहे. त्याचा दुसरा उपयोगही होता: नकार न दिल्यामुळे तो कधीही होकारात बदलता येई. एखादा वजनदार फोन येई आणि ‘बघतो’ म्हणून ठेवलेले नाव निमंत्रणपत्रिकेवर उमटे. कोणी उमटवले, हे विचारण्याची सोय नसे.

तेव्हा ही पत्रे यंत्राने आपोआप पाठवावीत अशी सूचना वाणिज्याच्या मॅडमनी केली आणि संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने ती चार दिवसांत अमलात आणली. व्यवस्था अगदी साधी. अर्ज गूगल फॉर्मवर भरायचा. तो एका तक्त्यात ओळ होऊन बसतो. ओळ आली की अर्जदाराला पोच जाते आणि समितीतल्या तिघांना सूचना. आमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या रकान्यात मत नोंदवायचे. शेवटच्या ‘स्थिती’ या रकान्यात ‘विचाराधीन’ बदलून ‘स्वीकृत’ किंवा ‘अस्वीकृत’ झाले, की त्याप्रमाणे पत्र सुटते. त्या मुलीने दोन शहाणपणाच्या गोष्टी आपणहून केल्या होत्या. स्थिती बदलल्यावर लगेच पत्र जात नसे. शेजारच्या चौकटीत वेगळी खूण करावी लागे, कारण माऊसवरचे बोट घसरले तरी एखाद्याची वर्षाची नाराजी पदरी पडू शकते. आणि पत्र गेल्यावर त्याची तारीख-वेळ ओळीत नोंदली जाई, म्हणजे तेच पत्र दुसऱ्यांदा जायला नको. साध्या जीमेल खात्यावरून या मार्गाने दिवसाला शंभरच लोकांना पत्रे पाठवता येतात. आमच्या चौतिसांना ती मर्यादा सहज पुरली.

पत्रांचा मजकूर लिहिणे माझ्याकडे आले, आणि तिथे खरी गंमत सुरू झाली. यंत्राला एक साचा द्यावा लागतो आणि त्यात नावाची जागा मोकळी सोडावी लागते. इंग्रजीत हे सोपे आहे. नाव कुठेही टाका, त्याला काही होत नाही. मराठी नाम मात्र प्रत्यय लागण्याआधी वळते, त्याचे सामान्यरूप होते. बँक ‘बँकेला’ होते, पतसंस्था ‘पतसंस्थेला’, वाचनालय ‘वाचनालयाला’. यंत्राने पहिल्या चाचणीत ‘पतसंस्थाला कळविण्यात येते’ असे लिहून दाखवले. विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, नियम सांगा, मी लिहिते.’ सामान्यरूपाचे नियम सांगता सांगता मी अपवादांपाशी पोचलो, अपवादांवरून दुकानांच्या नावांपाशी, आणि ‘अमुक अँड सन्स’ला काय करायचे इथे थांबलो.

उपाय सापडला तो सरकारी कचेरीत. ‘श्री. अमुक यांस’. नावाला हात लावायचा नाही. त्याच्यामागे एक सर्वनाम उभे करायचे आणि प्रत्ययाचा सगळा भार त्याच्यावर टाकायचा. ‘यांना’, ‘यांचे’, ‘यांच्याकडून’. ही रचना इतकी वर्षे मला नुसता दरबारी आदर वाटत होती. छापील नमुन्यातली मोकळी जागा भरणाऱ्या कारकुनाची अडचणही तिने किती सफाईने सोडवली आहे! क्रियापदाच्या लिंगाचा प्रश्नही असाच सुटला. ‘आपण अर्ज केलात’ म्हटले तर यंत्राला काही विचारावे लागत नाही, कारण क्रियापद अर्जाच्या मागे जाते, अर्जदाराच्या नाही. कार्यालयीन मराठीला आपण वर्गात फार हसतो. तिच्यातला निम्मा अवघडपणा म्हणजे यंत्र येण्यापूर्वीची यांत्रिक सोय आहे.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र माझे मत बदलले नाही. ‘आपणांस कळविण्यात येते की, आपला अर्ज स्वीकारता येत नाही.’ या वाक्यात कळवणारा कोण? न स्वीकारणारा कोण? दोन्ही जागा रिकाम्या. नकार पावसासारखा आला, त्याला कर्ता नाही. मसुदा वाचून वाचनालयाचे अध्यक्ष प्रसन्न झाले. ‘हे छान आहे. कुणाचं नाव नको.’

पण इथे यंत्रानेच अडवले. तक्त्यातला रकाना बदलला की पत्र पाठवायचे, हे काम करणाऱ्या कळीला अ‍ॅप्स स्क्रिप्टच्या भाषेत ‘ट्रिगर’ म्हणतात. साध्या ट्रिगरला टपाल पाठवण्याची मुभाच नसते. तो कोणीतरी आपल्या खात्यातून, आपली परवानगी देऊन, मुद्दाम बसवावा लागतो. आणि ज्याने बसवला त्याच्या खात्यावरून पत्रे जातात. विद्यार्थिनीने चाचणीसाठी तो स्वतःच्या खात्यातून बसवला होता. तसाच राहता, तर गावातल्या बावीस प्रतिष्ठितांना एकोणीस वर्षांच्या मुलीच्या नावाने नकार गेला असता. मराठी वाक्याला कर्त्याशिवाय चालते, यंत्राला चालत नाही. कोणाच्या तरी अधिकारातच ते हलते. ‘मग कोणाच्या खात्यातून?’ असे तिने विचारले, तेव्हा आम्ही तिघेही क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिलो. अखेरीस समितीचे वेगळे खाते उघडले आणि पत्राखाली तिघांची नावे घातली. अध्यक्षांनी आपले नाव शेवटी घालायला सांगितले. वयाने ते सर्वांत मोठे आहेत.

कर्ता नसलेल्या नकाराचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीचे कामच ग्रंथ तपासून उत्तेजन देण्याचे. आजच्या भाषेत छाननी समितीच ती. नाटक नापसंत झाले. ते का झाले हे आज आपल्याला ठाऊक आहे ते फुल्यांच्या बाजूने. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी लिहून ठेवले की कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडले. पुढे १८८५ मध्ये पुण्याच्या दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांकडून आले, तेव्हा फुल्यांनी पाठवलेला नकार अगदी उलट जातीचा होता. कोण नाकारतो, कोणाला, आणि कशासाठी, हे सगळे त्यात ठणठणीतपणे सांगितले होते. म्हणूनच ते पत्र आजही अभ्यासले जाते. निमंत्रणपत्र कोणाच्या लक्षात आहे?

असो. बावीस नकारांपैकी बहुतेक सोपे होते. तंबाखूचा प्रश्न २००३ च्या कायद्याने सोडवून ठेवला आहे. तिचे प्रायोजकत्व घेता येत नाही. गुटख्यावर तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदीच आहे. त्याआधी, २०१० मध्ये पुण्याला भरलेल्या ८३व्या अखिल भारतीय साहित्य संमेलनात, गुटख्याच्या व्यवसायातल्या एका समूहाच्या प्रायोजकत्वावरून केवढा गदारोळ झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. एका खाजगी शिकवणीवर्गाने निम्मा खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. अट एवढीच, की व्यासपीठामागचा फलक त्यांचा. तोही प्रश्न अवघड नव्हता. त्यांना फलकाशिवाय जाहिरात देऊ केली, ती त्यांना नको होती.

अवघड होता तो एकच अर्ज. अर्जदार वाळूच्या ठेक्यांतले. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात खोट काढण्यासारखे समितीपुढे काही नव्हते; परवाने रीतसर, रक्कम सर्वांत मोठी, अट कोणतीही नाही. आणि उत्सवाच्या पहिल्या दिवशीचे सत्र होते ‘नदी आणि मराठी कविता’. आमच्या गावची नदी ज्यांनी वीस वर्षांपूर्वी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. पात्रात आता खड्डे आहेत. नवरात्रात घट बसवायला लागणारी चिमूटभर वाळू लोक बांधकामाच्या ढिगातून आणतात. वाणिज्याच्या मॅडम म्हणाल्या की पैसा हा पैसा, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते: ज्या सभागृहात आपण नदीवरच्या कविता वाचणार, ते याच वाळूने बांधले आहे. परदेशातल्या मोठ्या उत्सवांनाही ही अडचण चुकलेली नाही. २०२४ मध्ये वेल्समधल्या हे महोत्सवाने लेखकांच्या निषेधानंतर आपल्या गुंतवणूक-व्यवसायातल्या प्रायोजकाला बाजूला केले, तेव्हा ‘मग स्वच्छ पैसा कोणाचा?’ हा प्रश्न तिथेही विचारला गेलाच. त्याला उत्तर नाही हे मला मान्य आहे. उत्तर नाही म्हणून प्रत्येक अर्ज घ्यावा, हे मान्य नाही. दोन विरुद्ध एक अशा मतांनी अर्ज नाकारला गेला.

आता कारण. तक्त्यात कारणांची यादी होती आणि त्यातले एक निवडल्याशिवाय पत्र सुटत नसे: ‘जागा पूर्ण’, ‘कायद्याने अमान्य’, ‘अट मान्य नाही’, ‘उपक्रमाच्या स्वरूपाशी विसंगत’. हे शेवटचे अध्यक्षांनी सुचवलेले. माझा त्याला विरोध होता, पण तिथेही मते दोन विरुद्ध एकच पडली, फक्त बाजू बदलून. पत्र गेले. ‘आपला प्रस्ताव उपक्रमाच्या स्वरूपाशी विसंगत असल्याने…’

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीच्या खात्यावर उत्तर आले. आपोआप गेलेल्या पत्रांना उत्तर येऊ शकते, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. मोबाइलवर लिहिलेले, विरामचिन्हे नसलेले, चार ओळींचे. मायना होता ‘आदरणीय गुरुजनहो’. विचारणा एवढीच होती, की विसंगत म्हणजे नेमके काय. आपण याच महाविद्यालयात बारावीपर्यंत शिकलो असून आपले काही चुकले असल्यास तसे स्पष्ट सांगावे.

अध्यक्षांचे म्हणणे, उत्तर देऊ नये. एकाला दिले की बावीस जण मागतील. मॅडम म्हणाल्या, द्यावे, कारण विचारले आहे. मी दोन वेळा मसुदा केला. पहिल्यात ‘वाटते’, ‘भासते’, ‘असे समितीचे मत पडले’ अशी क्रियापदे जमली; तो फाडला. दुसऱ्यात लिहिले: आम्ही नदीवर सत्र ठेवले आहे. नदीतून वाळू काढण्याचा आपला व्यवसाय आहे. त्या सत्रामागे आपले नाव लावणे आम्हांला योग्य वाटले नाही. आपल्यावर कोणताही आरोप नाही. दोन्ही दिवस आपण श्रोते म्हणून यावे, ही विनंती. खाली माझे नाव आणि फोन क्रमांक. हे पत्र मी माझ्या खात्यावरून पाठवले. फोन दुपारीच आला. पंधरा मिनिटे ते बोलत होते आणि मी ऐकत होतो. लिलाव कसे होतात, रात्री पात्रात कोणाच्या गाड्या उतरतात, आणि त्यांतल्या किती जणांची नावे गावातल्या इतर फलकांवर आहेत, असे बरेच काही. त्यातले इथे लिहिण्यासारखे फार थोडे आहे. ते उत्सवाला आले नाहीत.

व्यवस्थापनातून एका सदस्याचा फोनही आलाच, तो निर्णय ‘बघता येईल का’ असे विचारणारा. त्यांना तक्ता दाखवला. तिघांची मते, तारीख, वेळ, पत्र गेल्याची नोंद. तक्त्यात बदल करायचा तर कोणी आणि केव्हा केला हे कायमचे दिसत राहील, असे त्या मुलीने त्यांना फार नम्रपणे समजावून सांगितले. त्यांनी बदल करायला सांगितले नाही.

या वर्षी अर्ज पुन्हा सुरू झाले आहेत. सोमवारपर्यंत सव्वीस आले. पोच आणि होकार पूर्वीसारखेच आपोआप जातात. ‘विसंगत’ हा शब्द यादीतून काढला आहे. ‘अस्वीकृत’ केले की यंत्र आता पत्र पाठवत नाही. समितीतल्या एकाला कोरा मसुदा उघडून देते आणि तो लिहून होईपर्यंत रोज सकाळी नऊ वाजता आठवण करते. माझ्या नावावर सध्या तीन आठवणी आहेत.