वसंतातली पुस्तके

दिवाळीत काय वाचावे, हा प्रश्न मराठी माणसाला पडत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून ती काळजी संपादकांनी आपल्या शिरावर घेतली. फराळाच्या ताटासारखे सारे वाढून ठेवलेले असते. आपण पाटावर बसायचे, एवढेच. वसंतात मात्र असे ताट कुणी मांडत नाही. ज्याचे त्याने शोधावे आणि ज्याचे त्याने वाचावे. म्हणून ऐन दिवाळीत मी वसंताची गोष्ट काढतो आहे. समोर चकली असताना चैत्रातल्या भुकेची आठवण व्हावी, हे मास्तरकीचे लक्षण म्हणून वाचकांनी सोडून द्यावे.

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा. आमच्या लोह्याच्या माळावर मात्र तो पंचांगाला जुमानत नाही. फाल्गुनातच पळस फुलतो. अंगावर पान नाही, पण झाड पेटल्यासारखे दिसते. पाडव्याला गुढीला कडुनिंबाचा डहाळा बांधीपर्यंत ऊन पाठीवर चढून बसलेले असते. कालिदासाने 'ऋतुसंहारा'त ग्रीष्मापासून आरंभ करून वसंताला अगदी शेवटी बसविले. आमच्याकडे वसंत येतो तोच ग्रीष्माला खांद्यावर घेऊन. त्यातून शाळामास्तराचा वसंत म्हणजे परीक्षा! बाहेर आंब्यावर कोकिळ ओरडत असतो, आत पर्यवेक्षक 'शेवटची दहा मिनिटे' म्हणून ओरडत असतो, आणि मुले दोघांकडेही लक्ष देत नाहीत.

परीक्षा संपल्या की मात्र एक मोठी पोकळी येते. रबीची ज्वारी आणि हरभरा घरात आलेला असतो, पेरणी दूर असते. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. ऊसतोडीला गेलेली घरेही याच सुमारास परत येतात आणि दारांची कुलुपे निघतात. वर्षभर ज्यांना वेळ नव्हता त्यांच्याजवळ आता वेळच वेळ असतो. सुट्टी लागण्यापूर्वी मी शाळेतले पुस्तकांचे कपाट उघडतो आणि मुलांना एकेक पुस्तक घरी देतो. कुणाला कोणते द्यावे, हा माझा वसंतातला खरा उद्योग.

वसंतात वसंताचीच पुस्तके वाचावीत, असे कुणी म्हणेल. तशी आपल्याकडे आहेतही. १९५६ साली दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' आले. त्याचा आरंभच चैत्राने होतो. त्याच वर्षी स. आ. जोगळेकरांची 'गाथासप्तशती' प्रसिद्ध झाली. प्रतिष्ठानच्या सातवाहन हाल राजाच्या नावावर असलेल्या त्या प्राकृत गाथांत आंब्याचा मोहोर आहे, खेड्यातली माणसे आहेत आणि गोदावरी आहे. पैठणहून निघून आमच्या नांदेडला येते तीच ही नदी! ही दोन्ही पुस्तके मी दरवर्षी उघडतो. 'ऋतुचक्रा'तले चार पानांचे वाचन झाले की रोजच्या वाटेवरचे झाड पुन्हा पाहून यावेसे वाटते. पण ही चैन माझी. पत्र्याच्या घरात दुपार काढणाऱ्या पोराला वसंत कसा असतो ते पुस्तकातून कशाला सांगायचे? पळसाची फुले उकळून होळीचा रंग त्यानेच केलेला असतो. त्याला हवे असते ते स्वतःच्या आयुष्याला कुठेतरी शिवणारे पुस्तक.

असाच एक मुलगा एका वर्षी पाडव्याच्या आसपास साखर कारखान्यावरून आईबापांबरोबर परत आला. पाच महिने शाळा नाही. वाचताना जोडाक्षराशी अडखळायचा. त्याला मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. १९५५ सालची ही कादंबरी आकाराने लहान, भाषेने सोपी. धनगरांची वस्ती, तिथे आलेला कोवळा मास्तर आणि शेवटी दुष्काळाने उठलेले गाव. पंधरा दिवसांनी पुस्तक परत देताना तो म्हणाला, "गुरुजी, ही माणसं कोणत्या कारखान्याला गेली?" याचे उत्तर मराठीच्या कोणत्याही टीकाग्रंथात मला सापडलेले नाही. पण पुस्तक योग्य हाती पडले, एवढे मात्र कळले.

दुसरी गोष्ट एका मुलीची. तिने दहावीची परीक्षा दिली होती आणि पुढे शिकवायचे की नाही याची घरात बोलणी चालू होती. बहुतेक नाहीच, असा रंग होता. तिला मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. लक्ष्मीबाईंना शाळा मिळाली नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. आणि त्याच बाईने मराठीतले एक थोर आत्मचरित्र लिहून ठेवले! पुस्तक परत करायला मुलीऐवजी तिची आई आली. लेकीने दुपारी मोठ्याने वाचायचे आणि शेजारच्या बायांनी ज्वारी निवडीत ऐकायचे, असा क्रम चालला होता म्हणे. पुस्तक पदराआड धरून ती म्हणाली, "असलंच आणखी एखादं द्या, गुरुजी. बाया इचारायल्यात." पुढे मुलगी अकरावीला गेली. ते पुस्तकामुळे झाले असे मी म्हणणार नाही; निकाल चांगला लागला, मामाने खर्च उचलला. परंतु 'नाही' म्हणणाऱ्या घरात महिनाभर एक शिकलेली बाई दुपारी बोलत होती, हेही खोटे नाही.

स्वतःसाठी मी नरहर कुरुंदकरांचे 'धार आणि काठ' राखून ठेवतो. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवलेल्या या माणसाने १९७१ साली मराठी कादंबरीचा असा ताळेबंद मांडला, की कादंबरी लिहिणाऱ्याने तो वर्षातून एकदा उघडावाच. वैशाखात दुपारची झोप उडते, हा वरचा लाभ.

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात २३ एप्रिलला माणसे एकमेकांना गुलाब आणि पुस्तक देतात. १९९५ पासून युनेस्कोने हाच दिवस जगाचा ग्रंथदिन ठरविला आहे. आमच्याकडे त्या दिवसांत गुलाब कुठला! पळसदेखील तोवर झडून गेलेला असतो. पण पुस्तक देता येते, आणि पळसाची रीत त्याने घेतली तर उत्तम. बाकी सारे झडलेले असताना फुलायचे!

तेव्हा वाचकहो, हा अंक वाचून झाला की एक पुस्तक आताच बाजूला काढून ठेवा. ते कुणाला द्यायचे ते आज ठरले नाही तरी चालेल. पाडव्यापर्यंत अवकाश आहे. तोवर माणूस भेटतोच.