आवाज केव्हा येतो?

जुन्या गाडीच्या पुढच्या भागातून आवाज येऊ लागला की मालकाला आणि नवशिक्या कारागिरालाही सर्वप्रथम 'आवाज कुठून येतो' हाच प्रश्न पडतो, आणि चुकीच्या दुरुस्तीची सुरुवात बहुधा याच प्रश्नापासून होते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, तर पोलादातून त्याच्या जवळजवळ पंधरा पट वेगाने आणि फारसा क्षीण न होता जातो; त्यामुळे डाव्या चाकाजवळच्या ढिल्या सांध्याचा ठोका चासीतून किंवा बॉडीच्या पत्र्यातून फिरत येऊन चालकाच्या पायाखाली उमटतो, आणि त्या ठोक्यावर विसंबणारा माणूस उजवीकडचा चांगला भाग काढून टाकतो. दिशेच्या बाबतीत कान असा फसतो. मात्र आवाज कोणत्या स्थितीत सुरू झाला आणि कोणत्या स्थितीत थांबला, हे तो सहसा चुकत नाही. म्हणूनच या कामात मुरलेल्या मेस्त्रीचा पहिला प्रश्न 'केव्हा' हा असतो: वळताना की सरळ जाताना, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, खड्ड्यात की गुळगुळीत रस्त्यावर, गाडी रिकामी असताना की भरलेली असताना.

कोल्हापुरात जुनी गाडी चालती ठेवणे ही केवळ हौसेची बाब नाही. छत्रपती घराण्याची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात आजही रस्त्यावर येते, हे या परंपरेचे राजेशाही टोक होय. तिचे दुसरे, रोजच्या पोटापाण्याचे टोक म्हणजे गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा या दिशांनी वर्षानुवर्षे प्रवासी वाहणाऱ्या वडापच्या जीपगाड्या. खासगी गाडीच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपल्यावर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्या तपासणीत स्टेअरिंगची व पुढच्या सांध्यांची अवस्था महत्त्वाची ठरते. शिवाय उद्यमनगरात लेथ आणि ओतकामाची परंपरा असल्यामुळे बाजारात न मिळणारा बुश येथे मापावर कातून मिळू शकतो. ही सोय मोठी खरी. परंतु नेमका कोणता बुश झिजला आहे हे आधी कळले तरच तिचा उपयोग.

निदानापूर्वी समोरच्या गाडीची रचना ठाऊक असावी लागते, कारण एकच आवाज वेगवेगळ्या रचनांत वेगवेगळा अर्थ घेऊन येतो. जुन्या जीपमध्ये पुढची दोन्ही चाके एका सलग ॲक्सलला जोडलेली असतात, तो ॲक्सल पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, टेकलेला असतो, आणि प्रत्येक चाक किंगपिनभोवती, म्हणजे एका उभ्या खिळीभोवती, वळते. स्टेअरिंग बॉक्समधून बाहेर येणारा ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो, ड्रॅग लिंकची हालचाल पुढे टायरॉडला, म्हणजे दोन चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्याला, मिळते आणि अशा प्रत्येक जोडावर झिजणारा एक सांधा असतो. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीमध्ये पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात, त्यामुळे तेथे आर्मचे बुश संशयाच्या यादीत येतात. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये दातेरी पट्टी आणि लहान गिअर यांचे रॅक-पिनियन स्टेअरिंग आहे, स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला स्ट्रट आहे, आणि इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना मिळत असल्यामुळे ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचे सांधेही आहेत. जीपमधील खडखडीवरून बांधलेला आडाखा मारुतीला लावला तर तो हमखास चुकतो.

वेगाबरोबर वाढणारी अखंड घरघर हा त्यातल्या त्यात सोपा प्रकार आहे. गिअर बदलून इंजिनाचे फेरे कमी-जास्त केले आणि गाडीचा वेग तोच ठेवला, तरी घरघर बदलत नसेल, तर ती इंजिनाची नसून फिरणाऱ्या चाकांशी संबंधित आहे, एवढे निश्चित होते. त्यानंतर प्रश्न उरतो तो बेरिंग की टायर हा. टायर विषम झिजून त्यावर उंचवटे पडले असतील, तर डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर जाताच आवाजाची जात बदलते. बेरिंगच्या आवाजाला रस्त्याच्या पृष्ठभागाचे विशेष सोयरसुतक नसते, तो भाराने बदलतो. गाडी डावीकडे वळताना तिचे वजन उजव्या चाकावर झुकते, म्हणून डाव्या वळणावर घरघर वाढली तर संशय उजव्या बेरिंगवर जातो. पन्हाळ्याचा चढ-उताराचा रस्ता अशा परीक्षेला उत्तम आहे, कारण त्यावर डावी-उजवी वळणे आणि उतरताना ब्रेकचा भार या तिन्ही स्थिती एकाच फेरीत मिळतात.

ठोक्यांचा प्रकार अधिक गुंतागुंतीचा असतो. ब्रेक दाबताच एकदा आणि गाडी पुन्हा निघताना एकदा असा जड 'ठक' येत असेल, तर चाकाला मागे-पुढे धरून ठेवणाऱ्या भागांत, म्हणजे आर्मच्या बुशमध्ये किंवा पाट्याच्या डोळ्यातील बुशमध्ये, ढिलेपणा असण्याची शक्यता मोठी असते. मात्र ब्रेकचा कॅलिपर सैल असला तरी जवळपास तोच आवाज येतो, म्हणून तो आधी पाहून घ्यावा. लहान खड्ड्यांतून हलकी खडखड येत असेल तर स्पीडब्रेकर उपयोगी पडतो. दोन्ही पुढची चाके एकाच वेळी त्यावर चढवली तर स्टॅबिलायझर बारला, म्हणजे गाडी एका बाजूला कलू नये म्हणून बसवलेल्या आडव्या दांड्याला, पीळ बसत नाही. गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवले तर तो पिळला जातो. सरळ चढताना शांत असलेली गाडी तिरकी चढताना खडखडली, तर त्या दांड्याच्या लिंक आणि रबरे प्रथम तपासावीत; दोन्ही वेळा सारखाच आवाज आला, तर शॉकॲब्सॉर्बर आणि त्याच्या बैठकीकडे वळावे.

वळवतानाच्या आवाजांत गाडी उभी आहे की चालती, हा भेद निर्णायक ठरतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना 'टंग' असा स्प्रिंग सुटल्यासारखा नाद आला, तर स्ट्रटच्या वरच्या टोकाचे बेरिंग अडकत असते: ते फिरत नाही म्हणून स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम सुटते. पूर्ण वळण घेऊन गाडी ताकदीने पुढे काढताना लयबद्ध 'कटकट' आली, तर मारुतीसारख्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सांधा झिजल्याची ती खूण आहे. पॉवर स्टेअरिंग असलेल्या गाडीत टोकापर्यंत वळवल्यावर येणारी किंचाळी बहुधा सैल बेल्टची असते, तर सतत येणारे विव्हळणे तेल कमी पडल्याचे सुचवते. रबराच्या कुरकुरीसाठी साबणाचे पाणी हा स्वस्त आणि विश्वासार्ह मार्ग आहे: एकेका बुशवर ते शिंपडत जावे, आणि ज्या बुशनंतर कुरकुर थोडा वेळ थांबते तो बुश दोषी समजावा. याच कामासाठी खनिज तेल वापरल्यास नैसर्गिक रबर फुगून खराब होते.

भाराचा प्रश्न वडापच्या जीपमध्ये विशेष महत्त्वाचा होतो, कारण मागच्या बाकांवर आणि पायरीवर प्रवासी वाढले की पुढचे टोक उचलले जाते, पुढच्या चाकांवरचे वजन घटते, किंगपिनचा मागे झुकलेला कोन बदलतो आणि एरवी दबून राहिलेला ढिलेपणा ठरावीक वेगाला चाकांच्या थरथरीच्या रूपाने उफाळून येतो. ही थरथर, जिला शिमी म्हणतात, गॅरेजमधील रिकाम्या गाडीत अनेकदा दिसतच नाही, आणि मग चालकाची तक्रार खोटी ठरवली जाते. तक्रार ज्या भाराखाली आली तो भार घातल्याशिवाय परीक्षा पूर्ण झाली असे मानता येत नाही.

एवढे झाल्यावरही कानाने दिलेला निष्कर्ष हा संशयच असतो. त्याचे प्रमाण हात आणि डोळे देतात. एकाने उभ्या गाडीचे स्टेअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवून पाहावे. जेथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला भाग किंचित उशिराने हलतो, तेथे झीज असते. मग गाडी जॅकवर उचलून, खाली भक्कम घोडी लावून, चाक वर-खाली धरून हलवावे, आणि ढिलेपणा जाणवल्यास सहकाऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल, म्हणजे चाकाला वळवणारा भाग, एकमेकांशी जखडले जातात. त्यामुळे ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष बेरिंगचा, आणि तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा बॉल जॉईंटचा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर जाणवणारा ढिलेपणा टायरॉडच्या टोकाकडे बोट दाखवतो.

२०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते, ते ग्रीसमध्ये मिसळून त्याचे वंगणपण नष्ट करते, आणि घरघर कधी कधी महिन्यांनी सुरू होते. तोवर मालक पूर विसरलेला असतो. म्हणून 'केव्हा' या प्रश्नात गाडीचा मागचा पावसाळाही येतो.

निदान बरोबर आले तरी दुरुस्ती बिघडू शकते, आणि त्याची दोन उदाहरणे सर्रास आढळतात. पहिले रबरी बुशचे: गाडी जॅकवर लटकत असतानाच आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले, तर चाके जमिनीवर टेकताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश लवकर फाटतो, म्हणून हे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळायचे असतात. दुसरे स्टेअरिंग बॉक्सचे: गाडी बहुतांश वेळ सरळ चालत असल्यामुळे बॉक्समधील गिअर मधल्या जागी अधिक झिजतो, आणि मधला ढिलेपणा घालवण्यासाठी वरचा समायोजनाचा स्क्रू आवळला की टोकाकडच्या न झिजलेल्या भागात स्टेअरिंग जखडू लागते. वळणानंतर ते आपणहून सरळ येत नाही, आणि घाटात हा दोष मूळच्या ढिलेपणापेक्षा अधिक घातक ठरतो. बाहेरचे सगळे सांधे निर्दोष ठरल्याखेरीज त्या स्क्रूला हात लावू नये.

सर्वांत मोठा आवाज करणारा भाग सर्वांत धोकादायक असतो, हा समज मात्र या व्यवसायाला परवडणारा नाही. सुके पाटे गावभर कुरकुरतात आणि त्यांच्यापासून तातडीचे भय नसते. उलट टायरॉडच्या नटातील सुटलेली स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली दुमडती तार, किंवा अखेरच्या अवस्थेत आलेला बॉल जॉईंट फारसा गाजावाजा न करता एके दिवशी चाकाचा ताबा सोडतो. त्यामुळे आवाजाच्या निमित्ताने गाडीखाली गेलेल्या कारागिराने तक्रारीतला भाग पाहून परत न येता प्रत्येक सांधा आणि प्रत्येक पिन पाहणे हे त्याचे कर्तव्य ठरते. मालकाच्या वाट्याला येणारे कर्तव्य याहून सोपे आहे: आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या वळणावर आणि किती माणसे बसल्यावर येतो हे लिहून न्यावे, आणि नवा भाग विकत घेण्यापूर्वी जुन्याचा ढिलेपणा स्वतःच्या हाताने हलवून दाखवण्याचा आग्रह धरावा. जो ढिलेपणा दाखवता येत नाही, त्यासाठी पैसे मोजू नयेत.